‘कमावलेला आवाज’ : कोणाचा आणि कशासाठी?

गाणे शिकवणारा गुरू विद्यार्थ्याला नेमके काय शिकवतो? सूर शिकवतो, ताल शिकवतो, राग शिकवतो, हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. परंतु हे सारे शिकवण्याआधी तो एक गोष्ट ठरवून टाकतो, आणि ती ठरवल्याचे तो कधी बोलून दाखवत नाही. कोणता आवाज हा ‘आवाज’ आणि कोणता आवाज हा नुसता ‘ओरडा’, हे तो आधी ठरवतो. मराठी संगीतसमीक्षेने रागांची, घराण्यांची आणि मैफलींची भरपूर चर्चा केली. आवाज शिकवण्याच्या पद्धतीची चर्चा मात्र तिने बहुतांशी आठवणींवर आणि गुरुभक्तीच्या गोष्टींवर सोपवली. आपल्या समीक्षेचेही फारसे वेगळे झालेले नाही. जलशातील गीतांचा आशय आपण तपासला, त्यातील नकार आणि विद्रोह यांवर प्रबंध लिहिले. पण ते गीत हजारोंच्या सभेपर्यंत पोहोचवणारा गळा कसा तयार झाला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. तो विचारणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मराठीत तयार झालेल्या आवाजाला ‘कमावलेला आवाज’ म्हणतात. हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. आवाज कमावतात, शरीर कमावतात, आणि कातडेही कमावतात. ढोर समाजाच्या माणसाने चुना, बाभळीची साल, हिरडा आणि पाणी यांत कातडे दिवसचे दिवस मुरवले, उलटले, घासले, तेव्हा ते कुजणारे कातडे टिकाऊ झाले. गवयाने पहाटे उठून खर्ज लावला, एकच पलटा शेकडो वेळा घोटला, तेव्हा त्याचा कच्चा गळा टिकाऊ झाला. दोन्हींत धीर आहे, मेहनत आहे, पदार्थाच्या स्वभावाचे सूक्ष्म ज्ञान आहे. भाषेने या दोन्ही श्रमांना एकच क्रियापद दिले. समाजव्यवस्थेने मात्र एका श्रमाला ‘साधना’ म्हटले आणि दुसऱ्याला विटाळ. तबल्याची पुडीही कातड्याचीच असते, हे मैफलीत बसलेल्या रसिकाच्या मनातही येत नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे, की ‘कमावलेला आवाज’ ही केवळ संगीतशास्त्रीय संज्ञा आहे, की तीमागे एक सामाजिक निवाडाही उभा आहे?

प्रथम घराण्याच्या तालमीचा विचार करू. या तालमीत गुरू समोर बसतो, गातो, आणि शिष्य त्याच्यामागे गातो. पुस्तक नाही, वेळापत्रक नाही, अमुक महिन्यांत अमुक येईल अशी हमी नाही. गंडा बांधला, की शिष्य घरचा झाला. घरची कामे त्याच्याकडे आली. गुरू प्रसन्न असेल तेव्हा शिकवणार, नसेल तेव्हा शिष्याने दुरून कान देऊन ऐकायचे. या पद्धतीचा गुण नाकारण्याचे कारण नाही. सुराचा लगाव, श्वास कोठे घ्यायचा आणि कोठे चोरायचा, आकार किती उघडा ठेवायचा, या गोष्टी समोरासमोरच कळतात. परंतु ज्ञान देणे ही गुरूची मर्जी आणि ते घेणे ही शिष्याची सेवा, हा या पद्धतीचा पाया आहे. ज्ञान वंशात राखायचे, खास चिजा मुलांसाठी ठेवायच्या, बाहेरच्याला उंबऱ्यावर थांबवायचे, ही रीत आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. एकलव्याची गोष्ट आपण शंभर वेळा सांगितली आहे. ती केवळ धनुर्विद्येची गोष्ट नव्हती, एवढेच येथे नोंदवतो.

घराण्याच्या तालमीची दुसरी मर्यादा आवाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्याची गायकी आणि संस्थापकाच्या आवाजाचा धर्म यांचा संबंध उलगडून दाखवला. याचे ठळक उदाहरण अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे आहे. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. तो पूर्वीसारखा परत आला नाही, आणि जो उरला त्याला साजेशी पेचदार, तानांची गायकी त्यांनी घडवली. एका माणसाने आपल्या जायबंदी गळ्यातून वाट काढली, ही मोठीच प्रतिभा आहे. परंतु पुढच्या पिढ्यांमध्ये एकाच्या गळ्याची गरज ही सर्वांच्या गळ्याचा नियम होऊन बसण्याचा धोका या पद्धतीत कायमचा असतो. शिष्याचा गळा वेगळा असेल तर काय करायचे, याचे उत्तर ही पद्धत गुरूच्या उदारपणावर सोडून देते.

‘घरंदाज’ हा शब्दही तपासून पाहावा. घराण्याची ती घरंदाज, असा देशपांडे यांचा अर्थ आहे. पण मराठी माणूस ‘घरंदाज’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कुळ असते, सोज्वळ घरची सून असते. आता इतिहास असा आहे, की ही गायकी ज्या स्त्रियांनी शिखरावर नेली, त्यांना समाज घरंदाज मानायला तयार नव्हता. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या अल्लादिया खाँच्या शिष्या गोव्याच्या कलावंत समाजातल्या. त्यांच्या गायकीला घरंदाज म्हणणाऱ्या समाजात त्यांच्या आयांना हा शब्द मिळणे शक्य नव्हते. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांनी १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये लहान वयात स्वागतगीत गायिले. गाणे चालणार होते, पण आपल्या जातीमुळे तिथे आपल्याला कसे वागवतील याची धास्ती मनात होती, हे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीच्या हिंदुस्थानी गाण्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून या माउलीने स्वतःचे गाणे थांबवले. गंगूबाई मग हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात राहिल्या. गुरूंच्या तालमीचे गोडवे गाताना, आपला गळा मिटून घेणाऱ्या या आईला आपण शिक्षक म्हणून मोजतो का?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घराण्यांचे जग हे सरसकट उच्चवर्णीयांचे जग नव्हते. शिकवणारे पुष्कळसे मुसलमान उस्ताद होते, शिकणाऱ्यांत कलावंत स्त्रिया होत्या. अल्लादिया खाँना आश्रय देणारे कोल्हापूरचे शाहू महाराज तर १९०२ साली राखीव जागा देणारे आणि १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहणारे राजे. म्हणून सगळ्यांना एका दोरीत बांधणे म्हणजे विचार टाळणे होय. आपण अस्पृश्य मानले गेलेले लोक या जगात होतो. हलगी, सनई, ढोलकी घेऊन होतो. फक्त दाराच्या बाहेर होतो.

ते दार उघडण्याचा पहिला मोठा प्रयत्न विद्यालयांनी केला. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून, जयपूर-रामपूरच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या. १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले, आणि प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षांची शिडी उभी राहिली. या घटनेचे मोल आपण तरी कमी लेखू नये. ज्ञान मुखात असते तेव्हा मुखाचा मालक ते दाबून ठेवू शकतो. छापील अक्षर मात्र दोन रुपये देणाऱ्या कोणालाही वाचता येते. अक्षराने मक्तेदारी कशी मोडते, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला माहीत आहे?

परंतु विद्यालयाने दार उघडले ते कोणासाठी? पांढरपेशा घरातील मुलामुलींना गाणे शिकता यावे म्हणून गाण्याला ‘शुद्ध’ करावे लागले. उस्तादाला शास्त्र येत नाही, म्हणून त्याची विद्या घ्यायची आणि त्याला बाजूला सारायचे. कलावंतिणीचे गाणे घ्यायचे आणि तिला बाजूला सारायचे. पलुसकर-भातखंडे यांच्या कार्यामागील राष्ट्रवादी आणि धार्मिक धारणांची चिकित्सा जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात विस्ताराने केली आहे. माझा मुद्दा त्याहून मर्यादित आहे. विद्यालयाने रागाचे शिक्षण सार्वत्रिक केले, पण आवाजाचे शिक्षण केले नाही. स्वरलिपी बंदिशीचे स्वर सांगते. गळा कसा वापरावा हे ती सांगू शकत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एका पट्टीत, पेटीच्या सुरावर, सर्वांनी एकच अलंकार म्हणायचा. ज्याचा गळा त्या पट्टीत बसतो तो हुशार, ज्याचा बसत नाही तो ‘बेसूर’. जुन्या तालमीतील मर्जी गेली, पण तिच्या जागी सरासरी आली.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पलुसकरांचेच ते शिष्य. १९२५ साली त्यांनी मुंबईत संगीत विद्यालय सुरू केले आणि आवाज-साधना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला. स्वरयंत्र कसे चालते, श्वास कोठून येतो, आवाज कशाने बिघडतो, हे त्यांनी डोळसपणे पाहिले. हाच धागा पुढे अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी नेला. नटांना, गायकांना, वक्त्यांना आवाजाचे शिक्षण लागते आणि ते देता येते, हे त्यांनी मांडले. या दृष्टीचे मोठेपण कशात आहे? गुरूच्या गळ्याकडून शिष्याच्या गळ्याकडे ती वळते. तुझा गळा माझ्यासारखा कर, असे न म्हणता, तुझा गळा कसा आहे ते आधी पाहू, असे ती म्हणते. शिक्षणाच्या भाषेत बोलायचे तर माणसाच्या प्रतिष्ठेची ही पहिली पायरी आहे. शरीरशास्त्र जात पाहत नाही. काळी एकच्या पट्टीत पुरुष तार षड्ज लावतो तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २७७ वेळा एकमेकांवर मिटतात. तो गवई असो, शाहीर असो, की मोर्चात गाणारा पोरगा असो.

देवधरांच्या विद्यालयातूनच कुमार गंधर्व आले. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातील बायाबापड्यांची गाणी आणि नाथपंथी भजने ऐकली. त्या धुनांतून नवे राग पाहिले. हे कार्य थोर आहे यात शंका नाही. पण व्यवस्थेचे वर्तन पाहा. लोकधून रागात आली तेव्हा ती ‘शास्त्रात’ आली असे मानले गेले. धून गाणारी बाई मात्र होती तिथेच राहिली. ती ‘स्रोत’ ठरली, ‘शिक्षक’ ठरली नाही. कच्चा माल आमच्याकडून घ्यायचा आणि पक्का माल आम्हालाच विकायचा, हा व्यवहार आपण कापसात पाहिला, तोच सुरातही आहे.

आता आपल्या गळ्याकडे येऊ. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी लिहिताना प्रस्थापित लेखक आणि पुष्कळदा आपले लेखकही दोन शब्द हमखास वापरतात : ‘पहाडी आवाज’ आणि ‘निसर्गदत्त देणगी’. ही स्तुती आहे असे आपल्याला वाटते. माझ्या मते ही स्तुती नाही. ‘निसर्गदत्त’ म्हणजे न कमावलेला. अभिजनांच्या गायकाने आवाज कमावला, आमच्याला तो डोंगराने दिला! एका बाजूला साधना, तपश्चर्या, रियाज. दुसऱ्या बाजूला पाऊस, वारा, डोंगर. श्रम आमचे, आणि श्रेय निसर्गाचे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या श्रमच केले त्याच्या गळ्यातले श्रम तेवढे कोणाला दिसू नयेत, हा योगायोग नाही.

वस्तुस्थिती काय आहे? फडात आणि जलशात शिकवण्याची एक निश्चित पद्धत होती. पोरगा प्रथम झीलकऱ्यांत उभा राहतो. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकली, की तिचा शेवट उचलून वरच्या सुरात धरायचा. तेवढ्यात पुढचा दम घेऊन मोकळा होतो. म्हणजे झीलकऱ्याला पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी शिकाव्या लागतात : दुसऱ्याचा सूर अचूक पकडणे आणि दुसऱ्याचा श्वास ओळखणे. तुणतुण्याची एक तार त्याचा षड्ज असते, ढोलकी-हलगी त्याचा ताल. मग त्याला एखादे कडवे मिळते, मग एखादे पद, आणि चार-सहा वर्षांनी तो पुढे येतो. कव्वालीच्या पार्टीतही हीच रीत. प्रल्हाद शिंदे कोरसमधूनच पुढे आले. ध्वनिक्षेपक नसताना मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा, आणि तोही असा की अक्षर तुटता कामा नये, कारण अक्षरातच सारे सांगणे आहे. ख्यालात शब्द सुरात विरघळला तरी चालतो. जलशात शब्द विरघळला तर जलसाच बुडाला. म्हणून तिथे व्यंजनांची फेक वेगळी, स्वराची लांबी वेगळी, तोंडाची उघड वेगळी. हे सारे न शिकता येते असे ज्याला वाटते त्याने एकदा उघड्या मैदानात ध्वनिक्षेपकाविना एक कडवे म्हणून पाहावे.

आणखी एक फरक आहे, तो मूल्याचा आहे. घराण्याच्या तालमीत शिष्याचे तोंड गुरूकडे असते. झीलकऱ्याचे तोंड लोकांकडे असते. पहिल्यात चुकले तर गुरू रागावतो, दुसऱ्यात चुकले तर समोरची माणसे उठून जातात. मुंबईला येऊन मोठेपणी अक्षरे गिरवणारे वामनदादा (१९२२–२००४) गावोगाव गात फिरले; त्यांच्या मागे धरता धरता गावोगावचे गायक तयार झाले. त्यांनी कोणाला गंडा बांधला नाही. या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते म्हणून ते शिक्षण नव्हते काय?

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. काही वर्षांपूर्वी एका युवक महोत्सवात माझा एक विद्यार्थी गायनाच्या स्पर्धेत उतरला. चुलत्याच्या पार्टीत सात वर्षे कोरस धरलेला पोर. त्याने सूर सोडला नाही, लय सोडली नाही. परीक्षकांनी अभिप्राय दिला : गळा चांगला आहे, पण शिकलेला नाही, नैसर्गिक आहे. त्याच स्पर्धेत दोन वर्षे हार्मोनियमच्या वर्गाला गेलेली मुलगी ‘शिकलेली’ ठरली. तिचे गाणेही चांगले होते, तिच्याविषयी तक्रार नाही. परीक्षक दुष्ट होते असेही मी म्हणत नाही. सात वर्षांची तालीम त्यांना तालीम म्हणून ओळखूच आली नाही, कारण तिला त्यांच्या कोशात शब्द नव्हता. अन्यायाला नेहमी द्वेष लागतोच असे नाही; पुष्कळदा कोश अपुरा असला तरी पुरते.

मात्र हा कोश आपण तरी कोठे लिहिला? भीमराव कर्डकांनी जलशांविषयी लिहून ठेवले, म्हणून जलशांचा इतिहास काही हाती लागतो. पण झीलकरी कसा तयार करावा, वरच्या पट्टीत आवाज न फाटता कसा न्यावा, मुलाचा आवाज फुटतो त्या वयात त्याला गाऊ द्यावे की थांबवावे, याविषयी जुन्या शाहिरांना जे ठाऊक होते ते त्यांच्याबरोबरच जात आहे. आणि आज काय दिसते? एप्रिल महिन्यात आमचा गायक रोज एका गावात, कधी दोन गावांत गातो. कर्ण्यांच्या भिंती एवढ्या मोठ्या, की स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही; ऐकू येत नाही म्हणून तो अधिक ओरडतो. रात्रभर जागरण, धूळ, वर चहा आणि तंबाखू. आवाज बसला, की कोणी खडीसाखर देतो, कोणी लवंग. स्वरतंतू सुजलेले असताना गात राहिले तर त्यांवर गाठी येतात, आणि तेव्हा लवंगेपेक्षा विश्रांतीची, पाण्याची आणि घशाच्या डॉक्टरची गरज असते, हे त्याला कोणी सांगत नाही. पस्तिशीत गळा गेलेले गायक माझ्या परिचयाचे आहेत. गळा गेला म्हणजे केवळ कला गेली असे होत नाही. एप्रिलची बिदागी गेली, घरचे वर्षाचे गणित गेले. चळवळीने त्यांना हार घातले. त्यांच्या गळ्याची निगा मात्र चळवळीने आपले काम मानली नाही. ‘निसर्गदत्त’ या शब्दाचा सर्वांत मोठा तोटा येथे होतो. जे निसर्गाने फुकट दिले त्याची निगा कोण राखणार?

म्हणून काही गोष्टी सुचवतो.

पहिली : कार्यकर्त्यांच्या शिबिरांत जसा विचारांचा वर्ग असतो तसा आवाजाचा एक तास असावा. श्वास, खर्ज, गाण्याआधी गळा तापवणे, गाण्यानंतरची विश्रांती, एवढे तरी शिकवावे. हे ज्ञान उस्तादाकडून आले, देवधरांकडून आले, की इस्पितळातून आले, याचा संकोच बाळगू नये. खर्ज कोणाच्या मालकीचा नाही. तो घ्यावा; त्याबरोबर येणारी पायधूळ घेऊ नये.

दुसरी : गावोगावच्या वृद्ध शाहिरांना, तमाशातील स्त्रियांना, झीलकऱ्यांना त्यांची गाणी विचारतो तशी त्यांची तालीमही विचारावी. तुम्ही कसे शिकलात, कोणी काय दुरुस्त केले, आवाज बसल्यावर काय केलेत, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी टिपून आणावेत. ध्वनिमुद्रण आता खिशातल्या फोनवर होते. मराठीच्या प्राध्यापकांनी याला प्रकल्पाचे गुण द्यावेत; तेवढे आपल्या हाती आहे.

तिसरी : मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्था आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु लोककलेचे वेगळे दालन आणि ‘गायन’ म्हणजे रागसंगीत, ही वाटणी कायम राहिली तर वेशीबाहेरच्या वस्तीला नवे नाव दिल्यासारखे होईल. गायनाच्या शिक्षणशास्त्रात झीलकऱ्याची तालीम ही एक पद्धत म्हणून शिकवली गेली पाहिजे, आणि ती शिकवणारा शाहीर हा पाहुणा न राहता पगारी शिक्षक झाला पाहिजे.

आपल्या बापजाद्यांनी कातडे कमावले आणि आवाजही कमावला. त्या कातड्याचा मोबदला त्यांना पुरता मिळाला नाही, आवाजाचे तर नावही मिळाले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये जो पोरगा पहिल्यांदा झील धरायला उभा राहील, त्याचा गळा तो पन्नाशीचा होईल तेव्हाही शाबूत असावा. त्याची तजवीज कोणी करायची, हे आपल्याला आजच ठरवावे लागेल.